गाडीचे स्पीकर घरच्या अ‍ॅम्पला लावल्यावर अ‍ॅम्प तापतो, मध्येच बंद पडतो: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

ही तक्रार आपल्या भागात वर्षातून दोनदा हमखास येते. ऊसाचा हंगाम संपला की निपाणी-चिकोडीकडे ट्रॅक्टरवरचे सहा बाय नऊ इंची स्पीकर उतरवून घरात येतात, आणि गणपतीच्या आधी आरास करताना माळ्यावर पडलेले गाडीचे जुने स्पीकर खाली काढले जातात. स्पीकर चांगले, अ‍ॅम्प चांगला, पण दोघांचं जमत नाही.

लक्षणं

पहिली दहा-पंधरा मिनिटं व्यवस्थित वाजतं, मग आवाज एकदम जातो. कंपनीचा अ‍ॅम्प असेल तर ‘प्रोटेक्ट’चा दिवा लागतो, म्हणजे त्याने स्वतःला वाचवायला आवाज बंद केला. थंड झाला की आपोआप सुरू, थोड्या वेळाने पुन्हा बंद. हीटसिंकला किंवा वरच्या पत्र्याला हात टेकवत नाही. कमी आवाजात ठीक, आवाज वाढवला की फाटतो. बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी गाडीत असायची ती धमक येत नाही. असेंबल केलेल्या अ‍ॅम्पमध्ये फ्यूज जातो, किंवा एक बाजू कायमची गप्प होते.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर अजून काहीही विकत घेऊ नका. नवा आयसी (आतली आवाज वाढवणारी चिप) नको, नवे स्पीकर तर नकोच.

मुळात घडतं काय

ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप. गाडीचा स्पीकर साधारणपणे ४ ओहमचा असतो, घरचा बहुतेक वेळा ८ किंवा ६ ओहमचा. याचं कारण गाडीच्या बॅटरीत आहे. इंजिन चालू असताना जेमतेम १४.४ व्होल्ट मिळतात. एवढ्या कमी व्होल्टेजवर वॅट काढायचे तर करंट जास्त ओढायला हवा, म्हणून कॉइलचा (स्पीकरच्या आतल्या तारेच्या वेटोळ्याचा) ओहम कमी ठेवतात. घरच्या अ‍ॅम्पला ती अडचण नाही. त्याला ट्रान्सफॉर्मरमधून हवे तेवढे व्होल्ट मिळतात, म्हणून तो कमी करंटवर चालेल असा बनवलेला असतो. त्याच्यावर ४ ओहमचा भार टाकला की त्याच आवाजाच्या खुणेवर दुप्पट करंट जातो आणि तो सगळा आउटपुट ट्रान्झिस्टरमधून जातो.

याला दुसरी गोष्ट येऊन मिळते, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गाडीचा स्पीकर दरवाजाच्या पोकळीत बसतो आणि गाडीची बंद केबिन खालच्या सुरांना आपोआप उचलते. घरात तोच स्पीकर खोक्याशिवाय किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवला की बेस उरत नाही. मग माणूस बेसचं बटण पूर्ण फिरवतो. बेस ३ डेसिबलने वाढवला की त्या सुरांना दुप्पट वॅट लागतात, १० डेसिबलने वाढवला की दहापट. म्हणजे आधीच ४ ओहमने दमलेल्या अ‍ॅम्पवर आपण आणखी ओझं टाकतो, तेही मिळत नसलेल्या बेससाठी. तापण्याची तक्रार आणि बेस नसल्याची तक्रार मुळात एकच आहे. फक्त पहिली सोडवायला गेलात तर ती परत येते.

१. पाठीमागचं लेबल वाचा

याला खर्च नाही. स्पीकरच्या मॅग्नेटवर ओहम छापलेला असतो. अ‍ॅम्पच्या मागे, जिथे वायरी लागतात तिथे, कमीत कमी किती ओहम चालतात ते लिहिलेलं असतं. ‘६ ते १६ ओहम’ किंवा ‘८ ओहम’ असं असेल तर ४ ओहमचा स्पीकर थेट लावायचा नाही. ‘४ ओहम’ असेल तर भाराची काळजी मिटली, पुढे वायरी आणि खोकं पाहायचं.

कंपनीच्या होम थिएटरचे छोटे स्पीकर पुष्कळदा ३ किंवा ४ ओहमचेच असतात, कारण तो अ‍ॅम्प त्यांच्यासाठीच बनवलेला असतो. तिथे गाडीचा स्पीकर ओहमच्या हिशेबाने चालून जातो. म्हणून ‘घरचं म्हणजे ८ ओहम’ असं धरून चालू नका. लेबल वाचा.

मागे ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जोड्या असतील आणि पुढची दोन्ही बटणं दाबलेली असतील, तर बहुतेक अ‍ॅम्पमध्ये दोन्ही स्पीकर समांतर जोडले जातात. ४ आणि ४ चे २ ओहम होतात. एक बटण सोडून पाहा.

२. सगळे स्पीकर काढून अ‍ॅम्प चालू करा

प्लग काढा, चारही वायरी सोडा, मग अ‍ॅम्प चालू करून अर्धा तास तसाच ठेवा. स्पीकर नसतानाही तो प्रोटेक्टमध्ये जात असेल, तापत असेल किंवा फ्यूज उडवत असेल, तर दोष आतला आहे. पुढचं काही करू नका, सरळ शेवटच्या भागावर जा. शांत राहिला तर एकेक स्पीकर जोडत चला. ज्या स्पीकरने बंद पडेल तो किंवा त्याची वायर संशयित. शक्य असेल तर शेजारच्याकडून एखादा ८ ओहमचा स्पीकर तासाभरासाठी आणून लावा. त्यावर अ‍ॅम्प निवांत चालला तर उत्तर मिळालंच.

३. वायरी आणि हवा

टर्मिनलमधून बाहेर आलेला तांब्याचा एकच केस शेजारच्या टर्मिनलला लागला तरी शॉर्ट होतो. टोकं नीट पिळा, थोडं सोल्डर लावा, उघडी तार बाहेर दिसता कामा नये.

वायरीची जाडी ४ ओहमला जास्त महत्त्वाची. बाजारात मिळणारी बारीक लाल-काळी वायर साधारण ०.५ चौरस मिलिमीटरची असते. दहा मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन वीस मीटर तांबं, म्हणजे सुमारे ०.७ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरसमोर हा मोठा वाटा झाला. आवाज कमी येतो, बेस सैल होतो आणि आपण पुन्हा बटण फिरवतो. १.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, हाच आकडा ०.२३ वर येतो.

अ‍ॅम्प शोकेसच्या बंद कप्प्यात किंवा त्यावर सेट टॉप बॉक्स ठेवून चालवू नका. वर किमान दहा सेंटीमीटर जागा मोकळी हवी. आरास करताना त्यावर कापड टाकलेलं असतं, ते आधी काढा.

खेड्यात पंप चालू असतात तेव्हा हेस्कॉमचं (आपल्या वीज कंपनीचं) व्होल्टेज पडतं, हेही मनात असू द्या. ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्पला २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर त्याची ताकद जवळजवळ एक तृतीयांश घटते आणि आवाज लवकर फाटतो. स्टॅबिलायझरवरचा आकडा पाहिलात तरी कळेल. इन्व्हर्टरवर गेल्यावर घरघर येत असेल तर तो बहुधा चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर आहे, स्पीकरचा दोष नाही.

४. मल्टिमीटर

साधा मल्टिमीटर पुरतो. ओहमवर ठेवून आधी दोन्ही प्रोब एकमेकांना लावा. जो आकडा येईल, समजा ०.३, तो पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. स्पीकर अ‍ॅम्पपासून सोडवूनच मोजा.

४ ओहमचा चांगला स्पीकर ३ ते ३.८ दाखवतो, ८ ओहमचा ५.५ ते ७.५. छापलेल्या आकड्यापेक्षा कमी दिसतो म्हणून घाबरू नका. छापलेला आकडा वाजतानाचा असतो, मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. २.५ च्या खाली आलं तर लेबल पुन्हा पाहा: काही गाड्यांना कंपनीतूनच २ ओहमचे स्पीकर येतात. लेबल ४ ओहमचं आणि मीटर १.५ दाखवत असेल तर कॉइलचे वेढे आतून चिकटलेत. तो स्पीकर अ‍ॅम्पला मारणार, बाजूला ठेवा.

मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली असं लगेच ठरवू नका. टर्मिनलपासून कोनपर्यंत (स्पीकरच्या पुढे-मागे हलणाऱ्या पडद्यापर्यंत) जाणारी विणलेली लवचिक तार पाहा. ट्रॅक्टरच्या हादऱ्याने ती मुळाशी तुटते आणि वरून धडधाकट दिसते. मोजत असताना ती हलवून पाहा, आकडा येऊन-जाऊन असेल तर तीच तुटली आहे. सुटा ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) मोजत असाल तर त्याच्या ओळीत छोटा कपॅसिटर असतो आणि त्यातून मीटरला काही दिसणार नाही. प्रोब कपॅसिटरच्या पलीकडे, थेट ट्वीटरवर लावा.

मग कोन दाबून पाहा. मधल्या टोपीच्या भोवती चार बोटं सारख्या अंतरावर ठेवायची आणि हलकेच आत ढकलायचं. मऊ जाऊन मऊ परत आला तर ठीक. खरखर जाणवली, कान जवळ नेल्यावर घासल्याचा आवाज आला, तर कॉइल जळून फुगली आहे किंवा मॅग्नेटच्या फटीत गंज शिरला आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात चार महिने उघडा ठेवलेला स्पीकर असा हमखास गंजतो. गाडीच्या स्पीकरचा कोन प्लास्टिकचा आणि कडा रबराची असते, त्यामुळे वरून काहीच बिघडलेलं दिसत नाही. घरच्या जुन्या स्पीकरचं उलट असतं: कागदी कोनवर बुरशी आणि कडेचा फोम बोटाने चुरतो. फटीतला गंज घरी काढता येत नाही. पिनेने खरवडायला गेलात की कॉइलची तार सोलते.

५. उलटसुलट जोडणी

दोन्ही स्पीकर चांगले असूनही बेस पूर्ण गायब असेल तर एकाची जोडणी उलटी असू शकते. एकाचा कोन बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. जुन्या स्पीकरवरच्या खुणा पुसलेल्या असतात. १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, त्याच्या वायरी टर्मिनलला क्षणभर लावा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस जिथे लागलं तेच स्पीकरचं प्लस. तिथे लाल रंगाचा ठिपका द्या. सेल धरून ठेवायचा नाही, आणि सुट्या ट्वीटरला ही चाचणी करायची नाही.

६. ओळीत जोडणं

अ‍ॅम्प ८ ओहमचा आणि स्पीकर ४ ओहमचे, आणि तुमच्याकडे एकसारखे चार असतील, तर प्रत्येक बाजूला दोन-दोन ओळीत जोडा. अ‍ॅम्पच्या प्लसमधून पहिल्याच्या प्लसला, पहिल्याच्या मायनसमधून दुसऱ्याच्या प्लसला, दुसऱ्याच्या मायनसमधून परत अ‍ॅम्पच्या मायनसला. ४ अधिक ४, भार ८ ओहम. दोन्ही स्पीकर शेजारी ठेवले तर आवाज एका स्पीकरइतकाच राहतो आणि अ‍ॅम्पवरचा करंट निम्मा होतो. मात्र जोडी एकाच मॉडेलची हवी. वेगवेगळे जोडले तर वॅट सारखे वाटले जात नाहीत आणि सूर बिघडतो.

दोनच स्पीकर असतील तर दुकानात ४ ओहमचा सिमेंट रेझिस्टर ओळीत टाकायला सांगतात. अ‍ॅम्प त्याने वाचतो हे खरं. पण निम्मी ताकद रेझिस्टर तापवण्यात जाते, १० वॅटचा टाकला असेल तर तो खोक्याला चटका देईल इतका तापतो, आणि बेस ढिला पडतो. मला हा उपाय पसंत नाही. त्यापेक्षा ४ ओहमसाठीच बनलेला छोटा डिजिटल बोर्ड घ्यावा. टीपीए ३११६ आयसीचा दोन चॅनेलचा बोर्ड लॅपटॉपच्या १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअरच्या जुन्या अडॅप्टरवर उत्तम चालतो आणि ४ ओहमला सुखाने सांभाळतो. एक पथ्य पाळा: दोन्ही बाजूंच्या मायनस वायरी एकत्र करायच्या नाहीत आणि पत्र्याला लावायच्या नाहीत. या बोर्डात मायनसच्या टोकावरही आउटपुट असतं, शॉर्ट होऊन आयसी जातो.

७. खोकं

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि कंटाळाही इथेच केला जातो. उघड्या स्पीकरच्या कोनच्या पुढची आणि मागची हवा एकमेकांत मिसळते, म्हणून बेस मरतो. शिवाय मागून हवेचा आधार नसल्यामुळे कोन गरजेपेक्षा जास्त उडतो आणि कॉइल आपटते.

साडेसहा इंची स्पीकरला आतून २२ × ३४ × १७ सेंटीमीटरचं बंद खोकं पुरतं, म्हणजे साधारण साडेबारा लिटर. सहा बाय नऊला २८ × ४० × २३, म्हणजे पंचवीस लिटरच्या पुढे. १८ मिलिमीटर प्लाय घ्या. एमडीएफ स्वस्त आणि कापायला सोपं, पण आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात कडांना फुगतं. खानापूर भागात तर बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) दर्जाचाच प्लाय घ्या. सांध्यांना फेविकॉल लावून दर दहा-बारा सेंटीमीटरवर स्क्रू मारा, आणि आतून सांध्यावर पुन्हा एक हात फिरवा. स्पीकरच्या पट्टीखाली दरवाजाला लावतात ती फोमची पट्टी चिकटवा. वायर जिथून बाहेर येते ते भोक सिलिकॉनने बुजवा. आत उशीतला पॉलिएस्टर कापूस दीडशे ते दोनशे ग्रॅम सैलसर भरा, दाबून नाही. भोक कापण्याआधी स्पीकर उलटा ठेवून मापाचा कागद काढा. साडेसहा इंची म्हटलेल्या प्रत्येक स्पीकरचं भोक वेगळं असतं.

खोकं हवाबंद झालं का हे पाहायला कोन हलकेच दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर ठीक, झटकन आला तर कुठेतरी फट आहे.

बेस वाढावा म्हणून अंदाजाने पाइपचं भोक ठेवू नका. त्या भोकाचा व्यास आणि लांबी स्पीकरच्या गुणांवरून हिशेबाने काढावी लागते, आणि दरवाजासाठी बनलेले बहुतेक स्पीकर अशा खोक्याला मानवत नाहीत. खोक्यात बसवल्यावर बेसचं बटण मध्यावर आणा आणि तिथूनच ऐकायला सुरुवात करा.

८. गाडीचा स्टिरिओच घरात चालवत असाल तर

इथे तक्रार वेगळी असते: बेसचा ठोका पडला की सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बहुतेक वेळा त्याला सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर दिलेला असतो. ठोक्याला करंट पुरत नाही, व्होल्टेज पडतं. १२ व्होल्ट १० अँपिअरचा पॉवर सप्लाय लावा. पिवळी आणि लाल वायर दोन्ही प्लसला, काळी मायनसला, आणि प्लसच्या वायरीत १० अँपिअरचा फ्यूज. पिवळी सोडली तर सेट सुरूच होत नाही किंवा प्रत्येक वेळी सेटिंग विसरतो. पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी या जोड्या स्पीकरच्या. त्यांचे मायनस काळ्या वायरीला जोडू नका. पत्र्याच्या या पॉवर सप्लायवर २३० व्होल्टची टर्मिनलं उघडी असतात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा डब्यात ठेवा आणि अर्थिंग द्या.

उलट, घरचे ८ ओहमचे स्पीकर गाडीत लावले तर काही जळत नाही, पण सेटची ताकद निम्मीच मिळते, आणि उन्हातल्या गाडीत कागदी कोन आणि फोम फार टिकत नाहीत. दरवाजा किंवा खांबाचं आवरण उघडताना पिवळ्या रंगाचं कनेक्टर दिसलं तर हात लावू नका, ते एअरबॅगचं असतं.

९. इथे थांबा

घरी करण्याजोगी शेवटची तपासणी एवढीच: स्पीकर सोडून, आवाज शून्यावर ठेवून, अ‍ॅम्प चालू असताना एकाच बाजूच्या प्लस आणि मायनसमध्ये डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. १०० च्या वर असेल तर संशय घ्या. थेट काही व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा आयसी शॉर्ट आहे, आणि त्यावर जो स्पीकर लावाल त्याची कॉइल काही सेकंदांत जळेल. त्या अ‍ॅम्पला तपासून पाहण्यासाठीसुद्धा स्पीकर लावायचा नाही.

असे व्होल्ट दिसले, स्पीकर नसतानाही प्रोटेक्ट लागला, बदललेला फ्यूज लगेच गेला, जळका वास आला, ट्रान्सफॉर्मर गुणगुणत तापला किंवा पत्र्याला झिणझिण्या जाणवल्या, यातलं एकही झालं तर प्लग काढा आणि कारागिराकडे न्या. फ्यूजच्या जागी तार बांधू नका, मोठ्या अँपिअरचा फ्यूजही टाकू नका. झाकण उघडून आत हात घालू नका: प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज टिकून असतो. गाडी वॉरंटीत असेल तर तिच्या मूळ वायरी कापायच्या आधी शोरूममध्ये विचारा.

दुरुस्तीला नेताना अ‍ॅम्पसोबत ज्या स्पीकरवर तो बंद पडला ते स्पीकरही न्या. मल्टिमीटरचे आकडे कागदावर लिहा: कोणता स्पीकर किती ओहम, किती मिनिटांनी बंद पडला, स्पीकर काढल्यावर काय झालं, डीसी किती. नुसता ‘बंद पडतो’ म्हणून दिलेला अ‍ॅम्प दुकानातल्या ८ ओहमच्या स्पीकरवर दिवसभर बिनतक्रार वाजतो आणि तसाच परत मिळतो.